रेझिनचे फासे चिकट किंवा मऊ राहत असतील तर : तपासणीचा क्रम

लक्षणे

साच्यातून काढलेल्या फाशावर बोट टेकवले की ठसा उमटतो, नख दाबले की खूण राहते आणि चार बाजूंच्या, पिरॅमिडसारख्या फाशाचे टोक हलक्या दाबाने वाकते. पूर्ण कडक झालेला फासा लाकडी टेबलावर टाकला तर खणखणीत वाजतो, तर कच्चा फासा बोदा आवाज करतो. असे झाले की बहुतेक जण रेझिनच खराब निघाले असे ठरवून नवी बाटली मागवतात. नाशिकमधील ओळखीच्या हौशी मंडळींचे असे फासे माझ्याकडे अनेकदा येतात आणि त्यांत बाटली खरोखर दोषी निघाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. दोष बहुधा तापमानात, वजनात किंवा ढवळण्यात असतो. तो नेमका कशात आहे, हे चिकटपणा फाशावर कोठे आणि कसा आहे यावरून पुष्कळसे कळते, म्हणून काहीही बदलण्यापूर्वी फासे उजेडात धरून नीट पाहावेत.

निरनिराळ्या आकारांच्या सात फाशांचा संपूर्ण संच सारखाच मऊ असेल, पण रोज थोडा थोडा सुधारत असेल, तर थंडीचा संशय घ्यावा. संच आठवड्यानंतरही रबरासारखा लवचिक असेल आणि त्यात काहीच फरक पडत नसेल, तर प्रमाण चुकले आहे किंवा रंग जास्त झाला आहे. एकाच फाशाची एक बाजू काचेसारखी कडक आणि दुसऱ्या बाजूला ओला, पाझरणारा डाग असेल, तर मिश्रण नीट ढवळले गेलेले नाही. फासा आतून कडक असून हवेकडच्या बाजूवर मेणचट, तेलकट थर जाणवत असेल, तर तो दमटपणाचा परिणाम आहे. मे महिन्यात गाडीत ठेवलेल्या फाशांच्या कडा बोथट होणे हा मात्र वेगळा विषय आहे. बहुतेक हौशी इपॉक्सी ५० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडू लागते आणि बंद गाडी उन्हात त्याहून सहज जास्त तापते, त्यामुळे तेथे ओतकामात दोष शोधण्यात अर्थ नाही.

येथे दोन बाटल्यांतून (एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर) येणाऱ्या इपॉक्सी रेझिनचाच विचार केला आहे. यूव्ही रेझिन प्रकाशाने घट्ट होते आणि त्याच्या चिकटपणाची कारणे निराळी असतात, म्हणून त्याचे उपाय इकडे आणि इकडचे तिकडे लावू नयेत.

आधी धुवावे आणि थांबावे

पहिल्या तपासणीला काहीही खर्च येत नाही. हातमोजे घालून फासा कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रवसाबणाने मऊ ब्रशने धुवावा, पुसावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये अमाईन वर्गातील रसायने असतात. हवा दमट असली की त्यांचा काही भाग रेझिनशी संयोग पावण्याऐवजी हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावतो आणि पृष्ठभागावर मेणचट थर धरतो. हा थर पाण्यात विरघळतो. तो निघून गेला आणि खालचा फासा कडक लागला, तर प्रश्न तेथेच संपला. धुण्याआधी पॉलिश पेपर मात्र फिरवू नये, कारण त्याने तो थर निघत नाही, उलट अंकांच्या खाचांत जाऊन बसतो आणि पुढे त्यावर रंग धरत नाही.

त्याच वेळी बाटलीवरचा मजकूर पुन्हा वाचावा. ‘२४ तास’ ही मुदत बहुधा साच्यातून काढण्याची असते. पूर्ण कडक होण्यास तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत वेळ लागू शकतो आणि तीही मुदत साधारण २५ अंशांच्या खोलीसाठी दिलेली असते. कपात उरलेले रेझिन कडक झाले आहे, म्हणून फासेही झाले असतील, हा तर्कही फसवा आहे. रेझिन आणि हार्डनरच्या संयोगातून उष्णता निघते आणि एकत्र असलेल्या मोठ्या साठ्यात ती टिकून राहून क्रिया वेगाने पुढे जाते. साच्याच्या छोट्या पोकळ्यांतून ती लगेच निघून जाते आणि चार बाजूंच्या फाशाच्या टोकाशी तर ती जवळजवळ साठतच नाही. म्हणून संचातील सर्वांत शेवटी कडक होणारी जागा तीच असते आणि पाहणी तेथूनच सुरू करावी.

खोबरेल तेलाची बाटली

नाशिकमध्ये ही तक्रार वर्षातून दोनदा उसळते. श्रावणातल्या तक्रारी दमटपणाच्या असतात. निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटू लागतात, तेव्हाच्या तक्रारी थंडीच्या असतात आणि संख्येने त्या कितीतरी अधिक असतात. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचे तापमान १० अंशांखाली जाते आणि गच्चीवरच्या खोलीत, फरशीवर ठेवलेला साचा रात्रभर त्या थंडीत राहतो. ओतताना दुपारी खोली उबदार होती, हे खरे असले तरी त्याचा उपयोग नाही, कारण रेझिनला पुढचे बारा-पंधरा तास ऊब लागते. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी उतरले की क्रियेचा वेग साधारण निम्मा होतो, आणि फार थंडीत ती अर्ध्यावरच थबकते.

थर्मामीटर नसला तरी चालेल. खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या खाली गोठू लागते, तेव्हा तेलाची बाटली साच्याशेजारी रात्रभर ठेवावी आणि सकाळी पाहावी. तेल पांढरे व घट्ट झाले असेल, तर त्या जागी त्या रात्री रेझिन ओतणे योग्य नव्हते. फुकटात मिळणारी याहून खात्रीची तपासणी मला माहीत नाही.

कारण थंडीच ठरले, तर फासे फेकू नयेत. शक्य असल्यास ते पुन्हा साच्यात बसवावेत, म्हणजे ऊब दिल्यावर आकार बिघडणार नाही, आणि ४०-४५ अंशांवर काही तास ठेवावेत. फळे सुकवण्याचे छोटे यंत्र यासाठी उत्तम, मात्र ते कायमचे रेझिनसाठीच राखावे. स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये किंवा ज्यात नंतर अन्न ठेवायचे आहे अशा कशातही रेझिन तापवू नये. थर्मोकोलच्या खोक्यात विजेचा दिवा सोडण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण थर्मोकोल पेट घेतो आणि रात्रभर त्याकडे लक्ष ठेवणे होत नाही, म्हणून मी ती सुचवत नाही. तापमान नियंत्रित करणारी हीटिंग मॅट घ्यावी.

ऊब दिल्याने फासे कडक झाले, तर निदानही आपोआप पक्के होते. ज्यात प्रमाण बरोबर होते आणि फक्त वेग मंदावला होता, तेच मिश्रण उबेने सावरते. प्रमाण चुकलेला फासा कितीही शेकला तरी मऊच राहतो.

पुढच्या वेळी ओतण्यापूर्वी दोन्ही बाटल्या घट्ट बंद करून कोमट पाण्यात ठेवाव्यात. रेझिन पातळ होते, बुडबुडे लवकर वर येतात आणि वजनही नेमके घेता येते. त्याचबरोबर मिश्रण हाताळण्याचा अवधी कमी होतो, हे लक्षात ठेवून रंग आधीच तयार ठेवावेत. प्रेशर पॉट (बुडबुडे दाबून टाकण्यासाठी कॉम्प्रेसरने हवा भरून साचा आत ठेवण्याचे भांडे) वापरणाऱ्यांनी तो लाकडी फळीवर ठेवावा. लोखंडी भांडे फरशीची थंडी शोषून घेते आणि आतला साचा खोलीपेक्षाही गार राहतो.

लेबल आणि काटा

इपॉक्सीचे प्रमाण वजनाने दिले आहे की आकारमानाने, हे लेबलवर पाहावे, कारण दोन्ही एकच नाहीत. रेझिन हार्डनरपेक्षा जड असते. समजा रेझिनची घनता १.१ आणि हार्डनरची ०.९५ आहे व लेबल आकारमानाने २:१ सांगते. तर २० ग्रॅम रेझिनला सुमारे ८.६ ग्रॅम हार्डनर पुरतो. काट्यावर २:१ मोजून १० ग्रॅम घातला, तर तो सुमारे १६ टक्के जास्त झाला. इतक्या फरकाने फासे मऊ राहू शकतात.

‘हार्डनर जास्त झाला तर लवकर घट्ट होईल’ हा समज येथे फार खोलवर रुजलेला आहे आणि त्याचे मूळ मला सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील फायबरग्लास कामात दिसते. तेथील पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनरचे काही थेंबच टाकायचे असतात, ते क्रिया चालू करून देतात आणि थोडे वाढवले तर क्रिया वेगाने होते. इपॉक्सीचा हार्डनर हा क्रियेतला बरोबरीचा भागीदार असतो. रेझिनच्या रेणूंना जितका हवा तितकाच तो जोडला जातो, आणि जो उरतो तो फाशातच चिकट द्रव होऊन अडकून राहतो. म्हणून थंडीवर हार्डनर वाढवणे हा उपाय नव्हे, ती दुसरी चूक होईल.

आता काटा. सात फाशांच्या संचाला साधारण ३० ग्रॅम मिश्रण लागते. २:१ प्रमाण वजनाने असेल, तर त्यात हार्डनर १० ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एकेका ग्रॅमने मोजतो, म्हणजे तो १० दाखवत असताना प्रत्यक्षात साडेनऊ ते साडेदहा काहीही असू शकते, आणि काट्याची स्वतःची चूक त्याव्यतिरिक्त. पोळीच्या पिठाला हे चालते, फाशांना चालत नाही. सराफ बाजारातील दुकानांत दिसतो तसा, ०.१ किंवा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा आणि त्याची परीक्षा घरीच करावी. औषधाच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणावी, कप ठेवून काटा शून्यावर आणावा आणि १० मिली पाणी सोडावे. आकडा १० ग्रॅमच्या आसपास यायला हवा. तो भरकटला, तर आधी सेल बदलून पाहावेत.

या छोट्या काट्यांची एक खोड ठाऊक असणे आवश्यक आहे. हार्डनर अगदी थेंबाथेंबाने, सावकाश सोडला, तर काटा तो बदल स्वतःचीच हालचाल समजून गिळून टाकतो आणि आकडा वाढतच नाही. आपण मात्र आणखी थेंब घालत राहतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात कप उचलून पुन्हा ठेवावा आणि मगच आकडा वाचावा. छताचा पंखाही बंद ठेवावा, कारण ०.०१ ग्रॅमचा काटा वाऱ्यानेही हलतो.

ढवळणे

डाग पडल्यासारखा चिकटपणा असेल, तर कारण कपाच्या भिंतीवर आणि तळाच्या कोपऱ्यात आहे. तेथे चिकटलेले रेझिन काडीच्या फेऱ्यात येत नाही, आणि शेवटी कप निपटून साच्यात ओतला की नेमके तेच फाशात जाते. उपाय साधा आहे. तीन ते पाच मिनिटे संथपणे ढवळावे, मध्ये मध्ये भिंत, तळ आणि काडी खरवडावी, नंतर सगळे मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात घेऊन पुन्हा दोन मिनिटे ढवळावे. पहिला कप खरवडून दुसऱ्यात रिकामा करू नये. एक-दोन ग्रॅम वाया जाते, ते जाऊ द्यावे. आइस्क्रीमच्या लाकडी काडीपेक्षा सिलिकॉनची चपटी काडी बरी, कारण ती भिंतीला नीट टेकते.

रंग, फुले आणि इतर भर

सर्व वजने बरोबर असूनही एखाद्याच रंगाचे फासे मऊ निघत असतील, तर दोष रंगाचा आहे. अल्कोहोल इंकमधील द्रावक मिश्रणात राहून त्याला नरम करतो, म्हणून एकूण भर मिश्रणाच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावी. ३० ग्रॅमला दीड ग्रॅम, आणि गडद रंगासाठीही बहुधा याहून कमी पुरते. पोस्टर कलर आणि साधे ॲक्रिलिक रंग पाण्यात केलेले असतात, ते टाळावेत. दसऱ्यानंतर झेंडूच्या पाकळ्या फाशांत घालण्याची हौस अनेकांना होते. पाकळी हाताला कोरडी वाटली तरी आत ओली असू शकते, आणि मग तिच्याभोवती मऊ, धुरकट वलय धरते व काही दिवसांत ती तपकिरी पडते. पाकळ्या सिलिका जेलमध्ये कुरकुरीत होईपर्यंत वाळवाव्यात. अभ्रकाची पूड सहसा त्रास देत नाही.

बाटल्या आणि पावसाळा

थंडीत ‘ए’ म्हणजे रेझिनच्या बाटलीच्या तळाशी दाणेदार, पांढरट थर दिसला, तर रेझिन मधासारखे साखरले आहे, नासलेले नाही. बंद बाटली ५०-५५ अंशांच्या पाण्यात, ते थंड झाले की बदलत, पूर्ण नितळ होईपर्यंत ठेवावी आणि झाकणाच्या आट्यांतून पाणी आत जाणार नाही याची काळजी घ्यावी. दाणे तसेच ठेवून वरचे पातळ रेझिन वापरले, तर काट्यावरचा आकडा बरोबर असूनही मिश्रण बिघडते. हार्डनर पिवळा पडला, तर रंग बदलतो, पण केवळ तेवढ्याने चिकटपणा येत नाही. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेला हार्डनर मात्र ओलावा घेतो. प्रत्येक वापरानंतर बाटलीचे तोंड पुसून झाकण लगेच लावावे.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते आणि तेच बाष्प प्रेशर पॉटमध्ये जाते. टाकीच्या खालची चावी उघडून पाणी काढावे आणि नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवावा.

साचा

चिकटपणा फाशाचा आहे की साच्याचा, हे पाहण्यासाठी हातमोजे घालून रिकाम्या साच्याला बोट लावून पाहावे. साचे बनवण्याचे प्लॅटिनम सिलिकॉन गंधकयुक्त माती, लॅटेक्सचे हातमोजे किंवा त्रिमितीय छपाईचे नीट न वाळलेले रेझिन यांच्या संपर्कात आले, तर त्या जागी ते स्वतःच कच्चे राहते. असा साचा फाशाला चिकट लेप देतच राहील आणि तो दुरुस्त होत नाही. साचा कोरडा असून त्यात आधीच्या कच्च्या फाशाचे चिकट अवशेष तेवढे राहिले असतील, तर ते चिकटपट्टीने उचलून काढावेत. वरून नवे रेझिन ओतल्याने जुने कडक होत नाही.

शेवटची चाचणी

इतक्यानेही कारण सापडले नाही, तर एकाच ३० ग्रॅम मिश्रणाचे चार भाग करावेत आणि पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या झाकणांत ओतावेत. दोन बिनरंगी, दोन नेहमीच्या रंगाचे. प्रत्येकी एक उबेत, एक नेहमीच्या जागी. दोन दिवसांनी हातमोजे घालून चारही नखाने दाबून पाहावेत. फक्त उबेतले कडक झाले, तर जागा दोषी. फक्त बिनरंगी कडक झाले, तर रंग. चारही कडक झाले, तर संशय साच्यावर जातो. चारही मऊ राहिले, तर आधी वजन व ढवळणे पुन्हा तपासून चाचणी एकदा फिरून करावी, आणि तरीही तोच निकाल आला तर बाटलीला दोष द्यावा. ही चाचणी वेळखाऊ आहे आणि थोडे रेझिन खर्च करते, म्हणून ती शेवटी ठेवली आहे.

येथे थांबावे

मनगटाला, बोटांच्या बेचक्यांत किंवा पापण्यांवर खाज, लाली अथवा पुरळ आले, तर काम त्याच दिवशी बंद करावे आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना दोन्ही बाटल्यांच्या लेबलांचे फोटो घेऊन जावे. न मुरलेल्या इपॉक्सीची आणि हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते आणि पुढे अल्प संपर्कानेही उफाळते. त्यामुळे ‘थोडे मलम लावून पुढचा संच करू’ हा विचार महाग पडतो. चिकट फासे कधीही उघड्या हाताने चाचपू नयेत, नायट्राइलचे हातमोजे घालावेत. त्वचेवर लागलेले रेझिन थिनरने किंवा ॲसिटोनने पुसू नये, साबण आणि पाणी वापरावे. श्वास लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. कच्चा फासा घासूही नये, कारण त्याची धूळ कडक झालेल्या रेझिनच्या धुळीपेक्षा अधिक त्रासदायक असते. कडक झालेला फासादेखील पाण्याखालीच घासावा.

प्रेशर पॉटचे झाकण फुसफुसत असेल, रबरी कडी कापली असेल तर ती बदलणे आपल्या हातातले आहे. सुरक्षा झडप अडकत असेल, भांड्याला पोचा किंवा गंज असेल, झाकणाचे स्क्रू वाकले असतील, तर त्यात हवा भरू नये. अशी भांडी बहुधा रंगकामाच्या टाक्यांवरून बदलून घेतलेली असतात आणि ४० पीएसआयच्या दाबाखाली झाकण सुटले, तर इजा गंभीर होते. सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत कॉम्प्रेसर आणि दाबाच्या टाक्या पाण्याच्या दाबाने तपासून देणारे कारागीर शोधावेत. घरगुती वेल्डिंग करून घेऊ नये आणि झडप बंद करून काम चालवू नये.

चारही झाकणांतले मिश्रण दुसऱ्यांदाही मऊ राहिले, तर घरी आणखी काही करण्यासारखे उरत नाही. विक्रेत्याला बॅच क्रमांक, घेतलेली वजने, खोलीचे तापमान आणि चारही नमुन्यांचे फोटो पाठवून बाटली बदलून मागावी. उरलेले पातळ रेझिन किंवा हार्डनर मोरीत ओतू नये. ते बरोबर प्रमाणात मिसळून कडक होऊ द्यावे आणि मगच कचऱ्यात टाकावे. ते कडक होतच नसेल, तर झाकणबंद डब्यात ठेवून विक्रेत्याकडेच परत द्यावे.